काठापासून हातभर

पास्कू,

तुझ्या मातीला मला उशीर झाला. तसा मी आयुष्यात वेळेवर पोहोचलोय कुठे म्हणा! पण या वेळी दोष माझा नव्हता, इंजिनाचा होता. ते पुढे सांगेनच. आज तुला जाऊन नऊ दिवस झाले. तुमच्यात दहावं-तेरावं नसतं, आणि आमच्या रीतीने तुझं दहावं करायला गेलो तर भटजी मलाच घाटावरून हाकलून देतील. म्हणून म्हटलं, कागद घ्यावा आणि तुझ्याशी भांडायला बसावं. तुझ्याशी बोलायची दुसरी पद्धत मला ठाऊकच नाही.

शिवाय एक शब्द परत घ्यायचा आहे. अठरा वर्षांपूर्वी तुझ्याच अंगणात, तुझ्या अख्ख्या पाड्यासमोर मी तुला 'गाढव' म्हणालो होतो. नुसत्या रागाने म्हणालो असतो तर एक वेळ चाललं असतं, रागातलं बोलणं वाऱ्यावर जातं. मी अगदी मुद्दे मांडून, समोरच्या चारचौघांना पटवून, शेवटी निकाल दिल्यासारखं म्हणालो होतो. तो शब्द मागे घ्यायला मला अठरा वर्षं मिळाली. घेतला नाही. तू रागावला नव्हतास, म्हणून तर जास्तच राहून गेलं.

तुला आठवतं का आपण पहिल्यांदा कसे भेटलो ते? माझे वडील ठाण्याच्या खाडीवर मिठाच्या नाक्यावर कारकून. पुढे मिठागरं, मागे तुमचा किरिस्तावांचा पाडा आणि मधे मी, शेंडी ठेवलेला, पाण्याला भिणारा ब्राह्मणाचा पोर. लोक म्हणतात पास्कूने गोंदूला पोहायला शिकवलं. साफ खोटं आहे. तू मला ढकललंस. शिकलो मी आपला आपण, जिवाच्या भीतीने. वर येऊन मी बोंब मारली तर तू काठावर बसून हसत होतास, 'बघ, वर आलास ना? मंग येतंय की तुला!'

घरी गेलो की आई मला विहिरीपाशी उभं करून डोक्यावर घागरी ओतायची. 'त्या पास्कूला शिवलास ना?' अगं आई, खाडीतून तर आलोय, आणखी किती भिजवतेस? पण नाही. दोन घागरी झाल्याशिवाय उंबरा ओलांडू द्यायची नाही. आणि त्याच पोटात तुझ्या आईने नाताळला दिलेले चार फुगे असायचे, ताडी घालून फुगवलेल्या पिठाचे, अंडं घातलेले, तळलेले, गरमागरम. आईला कळलं असतं तर तिने मला विहिरीबाहेर नव्हे, विहिरीतच उभं केलं असतं. अजूनही नाताळ आला की माझ्या तोंडाला पाणी सुटतं आणि पाठीवर गार घागर पडते.

तुमच्या पाड्याची ती रीत मी त्याच दिवसांत पाहिली. खाडीत जाळं लावायला चारपाच जण पोहत जायचे. परत येताना जो पुढे असेल त्याने काठाला हात लावायचा नाही. काठ हातभर राहिला की थांबायचं, तोंड वळवायचं आणि पाण्यात पाय मारत मागच्याची वाट बघायची. शेवटला आला की मग सगळ्यांनी एकदम हात लावायचा. मी तुझ्या बापाला कारण विचारलं होतं. तो जाळं विणत होता, मानही वर केली नाही. म्हणाला, 'एकदा एक पुढला आला, चढला काठावर, घरी जाऊन पेज प्याला. मागला आलाच नाय. कुनाला कललंच नाय.' बस, एवढंच. ते कोण, कधीचं, काही सांगितलं नाही. मी तर कायमचाच शेवटला. त्यामुळे लहानपणी माझी समजूत अशी, की ही मंडळी माझ्यावर फार माया करतात म्हणून थांबतात. पुढे कळलं की कोणासाठीही थांबतात. तेव्हा मला थोडं वाईटच वाटलं होतं.

मग तू मोठा झालास, लग्न केलंस आणि वर्षाच्या आत आगबोटीवर खलाशी म्हणून निघून गेलास. मी तोवर कल्याणला रेल्वेच्या मालगुदामात कारकून झालो होतो. तुला लिहिता येत नव्हतं, म्हणून तुझी पत्रं तुझ्याच बोटीवरचा रत्नागिरीकडचा दाऊद लिहायचा. कसला लिहिणारा होता रे तो! तू सांगशील ते लिहायचाच, वर स्वतःचं पदरचंही घालायचा. 'मी खुशाल आहे, असे पास्कू लिहवितो. परंतु खुशाल नाही. थंडीने ओठ फुटले आहेत व सारखा नाक ओढतो.' तुझ्या बायकोला, इजाबायला, पत्र वाचून दाखवायला मी ठाण्याला यायचो. तुझं वाचून झालं की ती म्हणायची, 'ह्यांचं रहूं द्या भटजी, त्या मियांचं वाचा. खरं तेच असतं.'

विलायतेत तू पैलवानासारखा नावाजलास तो एका कुत्र्यामुळे, हे मी इथे कोणाला सांगितलं तर पटत नाही. धक्क्यावर एका मडमेचं कुत्रं पाण्यात पडलं. सगळे उभे राहून अरेरे करत होते. तू उडी टाकलीस, कुत्रं काखेत मारलंस आणि एका हाताने परत आलास. मडमेने कुत्र्याचे मुके घेतले. पण गर्दीतल्या एका सायबाने कुत्र्याकडे पाहिलंही नाही. त्याचे डोळे तुझ्या हातावर. त्या मुलखात तेव्हा सगळे बेडकासारखे पोहत, हात पाण्याखाली, तोंड वर, कपाळाला आठी. तुझा हात पाण्यावरून फिरून येतो, हे बघून तो वेडा झाला. त्याचा स्वतःचा पोहण्याचा हौद होता. बोटीच्या कप्तानाशी त्याने काय बोलणं केलं देव जाणे, पण बोट तुझ्याविना परतली आणि तू हौदावर राहिलास. दाऊदही पाय मोडून तिथेच खलाशांच्या खानावळीत अडकला होता, हे आपलं नशीब. नाहीतर तुझी हकिकत आम्हाला कळलीच नसती.

त्या हौदाबद्दलचं तुझं पत्र मी इतक्यांदा वाचलंय की घडीवर फाटलंय. 'गोंदू, हा हौद म्हंजे घरात ठेवलेली खाडी. वर छप्पर हाय. पानी ऊन करून सोडतात. त्याला भरती नाय, ओहोटी नाय. पहिल्या दिवशी मी विचारलं, भरती कधी लागते, तर सगले हसले. एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे पोहायचं आनि लगेच परत फिरायचं. पलीकडे कुनाचं काय काम नसतं. जालं नाय, माल नाय, माणूस नाय. मंग जायचं कशाला?' खाली दाऊदची ओळ: 'मी यास समजाविले की हा खेळ आहे. म्हणतो, खेळ असेल तर हसत का नाहीत?'

आणि मिठाची गंमत! गोड्या पाण्यात तुला अंग जड लागायचं. ठाण्याच्या खाडीवरच्या माणसाला दुसरं सुचणार तरी काय? तू बाजारातून मिठाचं पोतं आणलंस आणि सकाळी कोणी नाही असं बघून हौदात ओतलंस. दुसऱ्या दिवशी मिशाळ साहेब लोक पाण्यातून डोकं वर काढताहेत, ओठ चाटताहेत, एकमेकांकडे बघताहेत. हौदवाल्याने सगळ्या नोकरांना रांगेत उभं केलं. तू आपणहून पुढे झालास आणि म्हणालास की अजून नऊ पोती लागतील. या मजकुरावर मी इतका हसलो की गुदामातला हमाल पाणी घेऊन धावत आला.

पण सगळंच काही हसण्यासारखं नव्हतं. तुला वाटलं होतं, ते किरिस्ताव, आपणही किरिस्ताव, तिथे तरी कोणी परका म्हणणार नाही. इथे आमच्यासारख्यांच्या उंबऱ्याबाहेर उभं राहायची तुला सवय होती, तिथे तरी थेट आत जाता येईल. पहिल्या रविवारी आंघोळ करून तू जवळच्या मोठ्या देवळात गेलास तर आत मावलीची, तुमच्या देवाच्या आईची, मूर्ती नाही, मेणबत्त्या नाहीत, गुडघे टेकणारं कोणी नाही आणि सगळे मान वळवून तुझ्याकडे बघताहेत. तू मागच्या मागे निघालास. दोन महिने कुठेच गेला नाहीस. मग दाऊदने, त्या मुसलमानाने, चौकशी करून तुला गोदीतल्या आयरिश हमालांचं देऊळ शोधून दिलं. तिथे मावली होती, निळी ओढणी घेतलेली. पाद्री लॅटिनमध्ये प्रार्थना म्हणायला लागला आणि तू रडलास. पत्रात तू म्हणतोस, 'अर्थ मना पाड्यात कधी कललां नाय आनि तिथंबी कललां नाय, म्हनून अगदी घरच्यासारखं वाटलं.' इजाबाय हे ऐकून हसली आणि मग चुलीकडे तोंड करून बसली. मी पत्राची घडी घालायला उगाच फार वेळ घेतला.

पुढे तू रुळलास. बटाट्याला सरावलास. हौदवाला ताकद यावी म्हणून कच्ची अंडी आणि लालभडक मांस समोर ठेवायचा, तू मीठ घातलेली भाताची पेज मागायचास. त्याला वाटायचं हा आजारी आहे. चड्डी गुडघ्यापर्यंत, अंगात लोकरीची बंडी, असा पोहायचास. 'कपडे घालून आंघोल करतात, भूक नसताना जेवतात, पन माणसं वाईट नाय,' असं तुझं मत. तरी तू एकेक शर्यत जिंकत गेलास. ते लहान हौदातले सामने होते, पाच-सहा जण, सगळे जवळजवळ, कोणी फार मागे पडत नसे. मोठी शर्यत ठरली नदीत, तांबड्या मिशांच्या त्या गोऱ्याशी, जो तिथला सगळ्यात वेगवान. दोघांचीच. जिंकलास तर हौदवाला तुला पोरांना शिकवायला कायमचा ठेवून घेणार, राहायला खोली देणार, आणि पुढच्या बोटीने इजाबायला बोलावून घ्यायचं. आयुष्यभर चिखल तुडवणं संपलं असतं तुझं.

मी काय केलं ते तुला माहीत आहे, पण एकदा माझ्या तोंडून ऐक. पत्रात शर्यतीचा दिवस दिला होता. निकाल कळायला महिना लागणार. मला धीर धरवेना. त्या दिवशी सकाळीच मी कल्याणच्या स्टेशनात बत्तासे वाटले. मास्तरांना, तारबाबूला, हमालांना. 'माझा मित्र आज विलायतेत गोऱ्याला हरवतोय!' संध्याकाळच्या गाडीने ठाण्याला येऊन नौपाड्यात वडिलांच्या ओळखीच्या घरांतून वाटले. आमचे गोरे गुदामसाहेब नको म्हणाले, तर त्यांच्याही हातावर एक ठेवला. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ती गोष्ट या भटाला आठवली नाही.

महिन्याने पत्र आलं. दाऊदचं अक्षर नेहमीपेक्षा वाकडं. 'पास्कू पुढे होता. वीस हात पुढे होता. शेवटी निशाणाची होडी लावलेली, तिला हात लावायचा. होडीपासून हातभर अंतरावर हा थांबला. वळला आणि पाय मारीत उभा राहिला. काठावरील लोकांस वाटले पायात गोळा आला. मी कुबडी आपटून ओरडलो, लाव हात! हा मला म्हणतो, आलाच तो. मग तांबड्या मिशांचा आला आणि त्याने हात लावला. मी कपाळ बडवून घेतले.'

गुदामसाहेब फार सज्जन. त्यांनी काही विचारलं नाही. हमाल मात्र वर्षभर मला 'बत्तासेबाबू' म्हणत होते.

तू परत आलास तेव्हा मी पाड्यावर आलो तो भांडायचं ठरवूनच. तुझं अंगण माणसांनी भरलेलं. तू इजाबायसाठी आणलेली लोकरीची शाल घेऊन बसलेला, मे महिन्यात. मी बसलोही नाही. 'हातभर अंतर होतं! हातभर! आयुष्याचं कल्याण समोर तरंगत होतं आणि तू पाय मारत उभा राहिलास! अरे, ती जाळ्याची खेप नव्हती, शर्यत होती. शर्यतीत दुसऱ्याला मागे टाकायचं असतं. त्यासाठीच लोक जमलेले असतात. हे तीन वर्षांच्या पोराला कळतं. कळत नाही ते एका गाढवाला!' काही जणांनी तर माना डोलावल्या. तू माझ्याकडे बघितलंस, अगदी मी काहीतरी सोपं विसरलोय असं.

'तो मागं होता ना, गोंदू,' म्हणालास.

'मागे होता म्हणूनच तू जिंकला होतास, मूर्खा!'

'मागं होता म्हनूनच थांबलो.'

मी इजाबायकडे वळलो. म्हटलं, तू तरी सांग, तुझी विलायत बुडवली याने. ती शालीची घडी घालत होती. 'मना काय करायची विलायत? मियां लिहीत होता, तिकडं कपडे सुकत नाय.' झालं. ज्याच्यासाठी भांडावं तेच कुटुंब असलं!

एक गोष्ट तू मला नंतर सांगितलीस, एकट्याला. तो तांबडमिश्या होडीपाशी आला तेव्हा तोही थांबला होता. क्षणभर. तुझ्याकडे बघत, तोंड उघडं. 'तोबी थांबला होता, गोंदू. मंग लोक ओरडले, म्हनून त्यानं हात लावला.' मी म्हटलं, तुला भास झाला असेल. तू म्हणालास, असेल. पण दरवर्षी नाताळच्या प्रार्थनेत तू त्याचं नाव घ्यायचास, जसं तुला उच्चारता येई तसं. आपल्याला हरवणाऱ्यासाठी मेणबत्ती लावणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

वर्षं गेली. तू पुन्हा जाळं धरलंस, मी गुदामात टक्कल पाडून घेतलं. भेटलो की फुगे खायचे आणि शर्यतीवरून भांडायचं, हा आपला नेम. आणि मग ती चिखलाची शर्यत! सांगू का सगळं? तुला ऐकायला आवडायचं, म्हणून सांगतो.

नाताळ होता. पोटात आठ-दहा फुगे गेलेले, तू थोडी चढवलेली. मी म्हटलं, 'चल, आत्ता लाव माझ्याशी शर्यत. खाडीच्या त्या खुंटापासून या काठापर्यंत. तू थांबशील, मी खुशाल हात लावीन, आणि मग तुला कळेल कसं झोंबतं ते!' तू लगेच उठलास. इजाबाय म्हणाली, भटजी, पोट बघा आधी. मी धोतराचा काचा मारला. शेंडीला गाठ मारली. आणि दोन घोड्यासारखे बापये भर दुपारी पाण्यात उतरलो.

तू अर्थातच भराभर पुढे गेलास. मी मधेच तोंडात पाणी घेतलं, पायात पेटका आला, शेंडी सुटून डोळ्यांवर आली. वर बघतो तो तू काठापासून हातभरावर, पाय मारत, वळून माझ्याकडे बघतोयस. हसत नव्हतास. मोजत होतास, माझं डोकं वर आहे की नाही ते. मी कसाबसा तुझ्याशेजारी आलो. काठ समोर. हात लांब करायचा अवकाश. आणि पास्कू, खरं सांगतो, माझा हात उचलेना.

'लाव की!' तू म्हणालास.

'तू लाव आधी!'

'मी का? शर्यत तुझी हाय.'

'आणि रीत तुझी आहे. दोघांनी मिळून लावायचा ना?'

'मिलून लावला तर शर्यत कसली?'

'तेच तर मी शंभर वेळा सांगतोय तुला!'

आणि आपण तिथेच, पाण्यात पाय मारत, शर्यत म्हणजे काय यावर वाद घालत राहिलो. विलायतेवरून इथे आलो, इथून माझ्या आईच्या घागरींवर गेलो, कोणी कोणाला पहिल्यांदा ढकललं तेही निघालं. वादात कोणाचंच लक्ष नव्हतं. ओहोटी लागली होती. पाणी उतरत गेलं, त्याबरोबर आपणही मागे ओढले गेलो आणि काठ आपल्यापासून लांब गेला. भानावर आलो तेव्हा आपण दोघं मांडीभर चिखलात उभे, काठ दहा हात दूर आणि पायाखाली धड पाणी नाही की धड जमीन नाही. काठावर अर्धा पाडा गोळा झालेला. इजाबाय कमरेवर हात ठेवून म्हणाली, 'दोन म्हशी बसल्यात बघा. ओढून काढा रे कुनीतरी!' दोर टाकून काढलं आपल्याला. एकत्रच काढलं, त्यामुळे निकाल लागलाच नाही. माझं एक जानवं आणि तुझा डोक्याचा रुमाल अजून त्या चिखलात आहे.

घरी जाताना गाडीत मी तुझ्यावर चिडलो होतो, पण खरं म्हणजे स्वतःवर. माझा हात का उचलला नाही? कल्याण येईपर्यंत मला कारण कळलं होतं: जो आपल्यासाठी थांबलाय, त्याच्याआधी काठाला हात लावता येत नाही. खाली उतरून लगेच परतीची गाडी धरून तुला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. पुढच्या भेटीत पुन्हा 'गाढव' म्हणालो. भांडण संपलं तर यायचं कशाला, अशी भीती वाटली असेल. मोठा शहाणा मी!

आता त्या दिवसाचं सांगतो. ठाण्याच्या तारबाबूने मला निरोप पाठवला, तीनच शब्द. मी होतो तसा उठलो आणि पहिल्या मालगाडीच्या गार्डाच्या डब्यात चढलो. मुंब्र्याच्या अलीकडे इंजिन बसलं. एक तास गेला, दीड तास गेला. गार्ड म्हणाला, साहेब, पाणी प्या. मी म्हटलं, तुझं पाणी त्या इंजिनाला पाज! मला माहीत होतं, उन्हाळ्याचे दिवस, तुम्ही लोक माती त्याच दिवशी उरकता. सूर्य कलल्यावर पाद्री थांबत नाही. ठाण्याला उतरलो तेव्हा वेळ टळून गेली होती. तरी मी पळालो. या वयात, या पोटाने, काखेत छत्री घेऊन, मिठागरांच्या बांधावरून. सगळं उरकलं असणार, नुसती ओली माती बघायची, असं मनाशी म्हणत होतो.

पास्कू, कोणीही काही टाकलं नव्हतं.

तुझी पेटी खाली उतरवलेली होती. प्रार्थना झाली होती. खड्ड्याभोवती तुझा अख्खा पाडा गोल उभा होता, बाया-बापये, प्रत्येकाच्या मुठीत माती, आणि मुठी मिटलेल्या. नवा पाद्री घड्याळ काढून बघत होता, त्याचं तोंड आंबट. म्हाताऱ्या आंतोनची माती वाळून बोटांतून गळत होती, तो पुन्हा वाकून घेत होता. असं त्याने तीनदा केलं, मला मागून कळलं. मी बांधावर दिसलो तेव्हा इजाबाय पाद्रीला म्हणाली, 'आला बघा, फादर. मी सांगत होते, ह्यांचा एक गडी मागं हाय.'

कोणी मला बोल लावला नाही. उशीर का झाला विचारलं नाही. लोक थोडे सरकले आणि मला जागा झाली. मी वाकलो, मूठ भरली. अर्धी माती धोतरावरच सांडली. इजाबायने माझ्याकडे पाहिलं, मान हलवली, आणि सगळ्यांनी एकदम टाकली.

रडलो रे मी. मोठमोठ्याने, लाज सोडून. आणि मधेच हसूही आलं, कारण आंतोन पुटपुटत होता, 'हा भट पहिल्यापासून असाच, शेवटला.'

नंतर इजाबायने मला पेज दिली, मीठ घातलेली, आणि मी तिच्या ओट्यावर बसून सगळ्यांदेखत प्यायलो. घरी आलो तर आमच्या हिने घागर तयार ठेवली होती. मी म्हटलं, राहू दे. खूप झालं पाणी.

तर तो शब्द मी मागे घेतो. अठरा वर्षांनंतर, तुझ्या अंगणात नाही तर माझ्या ओसरीवर, पण घेतो. गाढव मी होतो. तुझ्या पाड्याला हे आधीपासून ठाऊक असावं, फक्त कोणी बोलून दाखवलं नाही.

आणि आता ऐक. मला यायला वेळ लागेल. धाकटीचं लग्न व्हायचंय, नोकरीची चार वर्षं उरलीत, आणि पोहण्यात मी किती कच्चा ते तुला माहीत आहे. मधे दम खाईन, पेटका येईल, वाटेत कोणाशी तरी भांडत बसेन. तू तिथे हातभर अंतरावर असशील, पाय मारत, वळून बघत. कोणी देवदूत घाई करायला लागला, 'चल बाबा, लाव हात, संध्याकाळ झाली' म्हणाला, तर त्याला तुझ्या भाषेत नीट समजावून सांग. त्याच्याशी वाद घालू नकोस, ओहोटी लागेल.

एवढंच सांग, तो मागं हाय.